चॅनेल एक

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
नवी वही. जुनी तक्रारींनी भरली. या वहीत तक्रार करायची नाही, हा पहिला संकल्प. (पेन मात्र भिकार आहे.)

आमची नाट्यमंडळी शिंप्याचं नाटक परत करणार! एकोणीस वर्षांपूर्वी शिंपी मी होतो. एकोणीस प्रयोग झाले. आज कोणालाही विचारा, 'शिंपी' म्हटलं की माझंच तोंड डोळ्यांसमोर येतं. निदान माझ्या तरी येतं.

उद्या पात्रनिवड. नुसती औपचारिकता. तरी शिस्त म्हणून दाढी करून जाणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
दिग्दर्शिका नवी आहे. वय बत्तीस, व्हीलचेअरवर असते. मी मोठ्या मनाचा माणूस. ती येताना दिसताच धावत जाऊन तालमीच्या खोलीचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिलो. ती म्हणाली, काका, तुम्ही दारातून बाजूला झालात तर मला आत जाता येईल. मी बाजूला होईपर्यंत खुर्चीचं चाक माझ्या अंगठ्यावरून गेलं होतं. चुकून.

शिंपी म्हणून पोस्टमनला घेतलं. पोस्टमन! वय अठ्ठावीस. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेला माणूस, स्वतःचं काय सांगणार?

मला काही वाटलं नाही. बायको म्हणाली, दोन तास झाले, तुम्ही तेच सांगताय की तुम्हाला काही वाटलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.
प्रमोशन!!

दिग्दर्शिकेने बोलावून घेतलं. म्हणाली, काका, हा प्रयोग अंध प्रेक्षकांसाठीही खुला करायचाय. ते हेडफोन लावून बसतील. स्टेजवर न बोलता जे घडतं ते मागच्या केबिनमधून कोणीतरी त्यांच्या कानात सांगायचं. तुम्हाला आवाज आहे.

तुम्हाला आवाज आहे. तिचेच शब्द.

मागून मंडळीचे अध्यक्ष म्हणाले म्हणे, की बरं झालं, तालमीला मधे मधे नको. ते पोस्टमनबद्दल असणार.

नीट विचार केला तर नट कुठे असतो? पन्नास फुटांवर. मी कुठे असणार? थेट कानात. मग नाटक कोणाचं?

दिग्दर्शिकेने एक कागद दिला. तीन नियम. दिसतं तेवढंच सांगा. संवादावर बोलू नका. स्वतःचं मत घालू नका. नवशिक्यांसाठी ठीक आहे. घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. चष्मा आता डबीत मावत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार.
आज मावशीशी बोललो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सव्वीस वर्षं आमच्या मंडळीची प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेले शब्द सुचवायची. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून आमच्याकडे असते. आणि तेव्हापासून नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही. म्हणते, नुसते प्रेक्षकांचे खोकले ऐकायला कशाला जायचं?

मी म्हटलं, मावशी, आता तुझे डोळे मी.

तिने हातातला चहा खाली ठेवला. गहिवरली असणार. मग म्हणाली, येते, पण एका अटीवर. या नाटकाच्या शेवटी चार मिनिटं कोणी बोलत नाही. शिंप्याने परदेशी गेलेल्या मुलासाठी कोट शिवलेला असतो, मुलगा येणार नाही असं पत्र येतं, आणि संहितेत एवढंच लिहिलंय: 'शिंपी कोट घालून बघतो. पडदा.' त्या चार मिनिटांत प्रॉम्प्टरला काम नाही. मावशी बघायला मोकळी. पण शिलाई मशीन उजवीकडे आणि ती डाव्या विंगेत. एकोणीस प्रयोग तिने माझी फक्त पाठ बघितली.

म्हणाली, पुढच्या बाजूला काय चालायचं ते मला एकदा कळू दे रे. पाठीवरून काही अंदाज येत नव्हता.

शब्द दिला. मावशीला शेवटची चार मिनिटं दाखवीन, नाहीतर नाव लावणार नाही.

(बायकोचं म्हणणं, 'दाखवीन' कसलं, 'सांगेन' म्हणा. या बाईला अलंकार कळत नाहीत.)

९ फेब्रुवारी, सोमवार.
घरी सराव. संध्याकाळी मावशी टीव्हीवरची मालिका 'बघते', म्हणजे बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिला सांगते. आज कान देऊन ऐकलं. जसंच्या तसं उतरवतो: 'सासू आली. दार लावलं नाही. सून उठली नाही. सासूने पर्स मांडीवरच ठेवलीय.'

झालं. एक विशेषण नाही! तार केल्यासारखी वाक्यं. सहा वर्षं माझी मावशी या कदान्नावर जगतेय.

मी सूत्रं हाती घेतली. म्हटलं, 'मावळतीच्या तांबूस प्रकाशात, जणू नियतीनेच पाठवलेली, ती करारी स्त्री–' एवढ्यात जाहिराती लागल्या. मावशीने बायकोला विचारलं, मग पर्सचं काय झालं गं?

सवय व्हायला वेळ लागेल. तिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
सामान आलं. अकरा रिसीव्हर. कमरेला अडकवायची डबी आणि तिला हेडफोन. साउंडवाल्याने सगळं समजावलं. दोन चॅनेल आहेत. डबीवरचं बटण एक खटका पुढे फिरवलं की चॅनेल दोन. ते दुसऱ्या भाषेसाठी असतं, आपल्याकडे रिकामं. चॅनेल एकवर मी. साहजिकच.

सात नंबरच्या डबीचं बटण अडकलंय, एकच्या पुढे जात नाही. साउंडवाला ती परत पाठवायला निघाला होता. मी म्हटलं, असू दे की. एक सोडून जायचंय कोणाला?

१४ फेब्रुवारी, शनिवार.
पहिली तालीम. केबिन म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीतलं काचेचं खोपटं. पंख्यासाठी ठेवलेल्या भोकातून थेट मानेवर गार वारा. तक्रार नाही.

सुरुवातीचं निवेदन पाठ केलं होतं: 'पडदा दूर होतो, जशी काळाची जड पापणी उघडावी, आणि आपल्यापुढे उभी राहते एका झिजलेल्या आयुष्याची झिजलेली खोली–' मी 'खोली'पर्यंत पोचलो तेव्हा तिकडे दोन माणसं येऊन भांडून निघूनही गेली होती. नाटककाराने घाई केलीय. पूर्वी मी शिंपी असताना हे लक्षात आलं नव्हतं. तेव्हा मीच सावकाश बोलायचो.

दिग्दर्शिका म्हणाली, काका, तुम्ही 'दुर्दैवाने' हा शब्द चौदा वेळा वापरलात. मी विचारलं, उदाहरणार्थ? तिने वहीतून वाचून दाखवलं: 'दुर्दैवाने पोस्टमन आत येतो.' 'दुर्दैवाने तो बसतो.' 'दुर्दैवाने आता तो बोलणार आहे.'

मी म्हटलं, हे मत नाही, निरीक्षण आहे.

परत अंगठा. तोच. जागा अरुंद आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.
'दुर्दैवाने' सोडायचा ठाम निश्चय. त्याऐवजी 'आश्चर्य म्हणजे'.

ऑफिसात जिना उतरताना सरावासाठी सहकाऱ्यांचं वर्णन करत होतो. टायपिस्ट बाईंनी साहेबांकडे तक्रार नेली. कलेला कुठेही थारा नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
रंगीत तालीम. जे झालं ते शांतपणे लिहितो.

चाचणीसाठी मावशीला आणलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा. बायकोने हात धरून तिसऱ्या रांगेत बसवलं. मावशीने बसल्या बसल्या नाकाने हुंगलं आणि म्हणाली, पडद्याला अजून तोच वास येतो गं. कानाला हेडफोन लावला, मांडीवर हात ठेवून बसली. परीक्षेला बसल्यासारखी.

पहिला अंक उत्तम. म्हणजे माझा.

शेवटची चार मिनिटं आली. माझा क्षण. मी डोळे मिटले. कलावंताला आतून दिसावं लागतं. आणि सांगत सुटलो: 'शिंपी कोट छातीशी कवटाळतो! तो आक्रंदतो! नियतीला जाब विचारणारी मूठ आकाशाकडे जाते! आणि, तो गुडघ्यांवर कोसळतो!'

मावशीने हेडफोन काढला. सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं विचारलं, कोसळला तर धप्प आवाज कसा नाही आला? लाकडी स्टेज आहे.

मी डोळे उघडले. पोस्टमन उभा होता. नुसता उभा! कोट घालून, हात लोंबत ठेवून, बिनकामाचा.

दिग्दर्शिका म्हणाली, काका, तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वीचा प्रयोग बघताय.

इतकी वर्षं जसाच्या तसा लक्षात आहे याचं तिलाही कौतुक वाटलं.

परतताना मावशी रिक्षात माझ्या शेजारी. घराजवळ आल्यावर म्हणाली, म्हणजे तू कोसळायचास तर. तरीच. मी विचारलं, तरीच काय? ती म्हणाली, तरीच दुसऱ्या मिनिटाला खोकले सुरू व्हायचे. आधी पुढच्या रांगेत, मग बाल्कनीत. माणसं अवघडली की खोकतात. विंगेत बसून मला वाटायचं, समोर काय बरं चाललं असेल.

मी म्हटलं, तेव्हा साथ होती सर्दीची.

म्हणाली, एकोणीस प्रयोग?

२२ फेब्रुवारी, रविवार.
मावशी प्रयोगाला येणार नाही. म्हणाली, मला नाटक बघायचं होतं रे, तुला नव्हतं बघायचं. तुला रोज ऐकतेच.

आणि वर: म्हातारीला फसवायला डोळे मिटायची काय गरज होती? माझे मिटलेलेच आहेत की.

चूक माझी नाही. लाकूड. पूर्वी त्या स्टेजवर जाजम असायचं.

तरी जेवण गेलं नाही. ऊन लागलं असेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी.
एक क्षुल्लक गोष्ट. मी बाहेरच्या खोलीत शूज पुसत होतो. आत बायको ओटा घासत होती आणि मावशी स्टुलावर. मावशीने तिला विचारलं, तू होतीस ना तिथे? मग तो पोस्टमन करत काय होता?

बायको म्हणाली (घासता घासता): 'कोट अंगात घातला. बाह्या लांब आहेत. हात दिसत नाहीत. डावी बाही दुमडली. थांबला. परत सोडली. हात लांब करून बघतोय. मुलाचे हात किती लांब होते ते बघतोय बहुतेक– नाही, ते माझं मत झालं. हात लांब करून बघतोय, एवढंच. बाहीच्या टोकाने तोंड पुसलं. कोट काढला नाही.'

नळ बंद झाला. मावशी म्हणाली, परत सांग.

तिने परत सांगितलं. अक्षरन् अक्षर तेच. मावशी परत म्हणाली, सांग. तीनदा!

ठीक आहे. घरगुती वापराला चालेल. पण 'बाह्या लांब आहेत' हे काय वाक्य आहे? त्यात नियती कुठाय?

पॉलिश संपलं तरी शूज पुसत बसलो. काळे होते, अजून काळे झाले.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
मावशी येणार!! सकाळी दिग्दर्शिकेशी फोनवर काहीतरी बोलली आणि मग स्वतःहून म्हणाली. माझ्या संयमाचा विजय. दोन दिवस मी तिच्याशी फुगून बसलो होतो, ते तिला कळलं असणार.

दिग्दर्शिकेचा बायकोला फोन. वीस मिनिटं. कपडेपटाचं काहीतरी असेल, बायकोला इस्त्री छान येते. शेवटी बायको म्हणाली, पण यांना कोण सांगणार? मग म्हणाली, नाही बाई, मी नाही. (इस्त्रीचं मला कोणी सांगायची गरज नाही. माझे कपडे मीच करतो. कधीकधी.)

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
कळलं ते असं: माझा घसा बसलाच तर, म्हणून बायको शेजारच्या, प्रकाशयोजनेच्या केबिनमध्ये दुसरा माइक घेऊन बसणार. राखीव. बायको म्हणाली, अहो, खरं तर असं आहे की– मी तिला मधेच थांबवलं आणि धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, तुझ्यावर वेळ येऊ देणार नाही.

घशासाठी गोळ्या, दोन पाकिटं. मफलर. उद्या दिवसभर मौन.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
मौन. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं हातवाऱ्यांनी दिली. रजा मंजूर झाल्यासारखी वाटते.

बायको म्हणाली, आज घर किती छान वाटतंय.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.
दोन तासांनी प्रयोग. अंध पाहुणे दहा, मावशी धरून. दहा जणांना रिसीव्हर वाटले. तिसरी आणि चौथी रांग. प्रयोगाआधी त्यांना स्टेजवर नेऊन शिलाई मशीन, टेबल, कोट हाताने दाखवला. ही दिग्दर्शिकेची कल्पना. (मीही मनात आणली असती.) एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी कोटाची बाही वितीने मोजली आणि म्हणाले, हा कोट या माणसाचा नाही. पोस्टमनचा खांदा चाचपून झाला होता त्यांचा. नाटकाचं गुपित आधीच फोडलं!

मी त्यांना केबिनपर्यंत ऐकू येईल असा नमस्कार केला. कोणीतरी विचारलं, ते कोण ओरडतंय? मावशी म्हणाली, आमचाच आहे.

त्याच दिवशी. रात्री ९.
इतिहास घडला.

तिसरी घंटा व्हायच्या आत एक हृद्य दृश्य: मावशी डावी-उजवीकडे झुकून काहीतरी कुजबुजली, ते रांगेतून पुढे गेलं, आणि दहाही जणांचे हात एकदम कमरेच्या डबीकडे गेले. खट्. दहा खटके एकदम. आवाज वाढवला असणार. केवढी उत्सुकता!

दोन तास मी एक क्षण थांबलो नाही. गोळ्यांचं दीड पाकीट संपलं. 'दुर्दैवाने' फक्त सहा वेळा. शेवटच्या चार मिनिटांत डोळे उघडे ठेवले (हे मावशीसाठी), आणि पोस्टमन करतोय ते सांगून, त्याने काय करायला हवं होतं तेही जोडलं. दोन्ही बाजू.

आणि कोणी खोकलं नाही!

चार मिनिटं. सबंध थिएटर. बाल्कनीसुद्धा. ज्यांना मी ऐकूच येत नव्हतो तेही गप्प. आवाजाचा परिणाम काचेतूनही जातो, याला दुसरं स्पष्टीकरण नाही.

पडदा पडल्यावर मावशी जागची उठेना. मी खाली गेलो तेव्हा ती बायकोचे दोन्ही हात धरून बसली होती आणि मास्तर रुमाल शोधत होते. हात धरणं साहजिक आहे, उठायला आधार लागतो. मला म्हणाली, अरे, बघितलं मी. पुढची बाजू बघितली.

शब्द पाळला. आज मी माझ्यावर खूश आहे.

(वाऱ्यामुळे नाक जरा चोंदलंय.)

१ मार्च, रविवार. सकाळी.
स्वयंसेवकांनी प्रेक्षकांचे अभिप्राय विचारून कागदावर लिहून घेतले होते. दहा कागद. दिग्दर्शिकेने 'काका, तुम्ही बसून वाचा' म्हणून पाठवले. बसायला का सांगितलं?

पहिला: 'सांगणारा आवाज फार आवडला.' फ्रेम करून घ्यावा.

दुसरा: 'एकही शब्द जास्त नव्हता.' विनम्र वाटलं. जरा आश्चर्यही.

तिसरा: 'शांत होता. संवाद सगळे ऐकू आले.' आश्चर्य वाढलं.

चौथा, मास्तरांचा: 'घरात कोणी कपड्यांच्या घड्या घालत बोलावं तसं वाटलं. बाहीपाशी रडू आलं.'

इथे पाणी प्यायलो.

पाचवा: 'ताईंना आमचा नमस्कार सांगा.'

कसल्या ताई?

दुपारी.
बायकोला विचारलं. म्हणाली, हो, चॅनेल दोनवर मी होते. सगळे दोनवर होते. मावशींनीच सांगितलं त्यांना, एक खटका पुढे. मी गुरुवारी तुम्हाला सांगत होते, तुम्ही धीर द्यायला लागलात. त्यानंतर सांगणार होते, पण तुम्ही मधे थांबतच नाही, कुठे घुसणार?

मी काही बोललो नाही. मौनाचा सराव होता.

संध्याकाळी.
थांबा. अकरा रिसीव्हर होते. सात नंबरचं बटण एकवरच अडकलेलं! म्हणजे सात नंबर माझ्याकडे होता. कोणीतरी एक जण, दोन तास, माझ्याबरोबर, पहिल्या पापणीपासून शेवटच्या नियतीपर्यंत. अभिप्राय दिला नाही. भारावून निघून गेला असणार. मोजकेच असतात दर्दी.

उद्या साउंडवाल्याकडून पत्ता घेणार.

२ मार्च, सोमवार.
साउंडवाला म्हणाला, सात नंबर? तो कोणाला दिलाच नव्हता. खोक्यात होता. झाकण लावून, माझ्या टेबलाखाली.

मी विचारलं, बंद होता?

म्हणाला, नाही ना, राहिला चालू. बॅटरी पार संपलीय. म्हणजे ऐकलं त्याने शेवटपर्यंत.

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी.
दिग्दर्शिका घरी आली. पुढच्या नाटकालाही बायकोलाच बोलावलंय. माझ्यासाठी मावशीने तिच्याकडे शब्द टाकला होता: डावी विंग, प्रॉम्प्टरचं स्टूल. मावशी शिकवणार. पहिला धडा तिने लगेच दिला. उत्तम प्रॉम्प्टर तो, ज्याला प्रयोगभर तोंड उघडावं लागत नाही.

विचार करून सांगतो म्हटलं. पूर्ण नाटक माझ्या ओठांवर असणार, हा भाग विचारात घेण्यासारखा आहे.

जाताना दिग्दर्शिकेसाठी दार उघडलं आणि बाजूला झालो. अंगठा शाबूत. ती म्हणाली, थँक्यू काका. बरं वाटलं. अंगठ्याला.

आता मी लिहितोय. आत मावशी बायकोला विचारतेय, काय करतोय गं तो? बायको दारातून बघून सांगतेय, मला सगळं ऐकू येतंय: 'बसलाय. वही उघडी आहे. पेन उचललं. ठेवलं. परत उचललं. माझ्याकडे बघितलं.'

मावशी म्हणाली, आणि तोंड?

बायकोने परत वाकून बघितलं. मग म्हणाली, 'बाहीने नाक पुसलं.'

सर्दी आहे. केबिनमधला गार वारा. हे मी लगेच ओरडून सांगितलं, पण तिकडून कोणी काही बोललं नाही. खोकलंसुद्धा नाही.